बर्फ ओसरल्यावरचे झरमॅट

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फच उभा राहतो. झरमॅट हे गाव तर स्कीइंगसाठीच जगप्रसिद्ध आहे. परंतु ऑगस्ट सरत आला की या पर्वतांचे एक वेगळे रूप दिसते. हिवाळ्यात ज्या उतारांवरून हजारो लोक घसरत जातात, त्यांवर गवत पिवळसर होऊ लागते आणि लहान झुडपांची पाने तांबडी दिसू लागतात. कॅमेरा घेऊन पायी हिंडण्यासाठी हाच काळ उत्तम.

झरमॅटमध्ये पेट्रोलच्या मोटारींना मज्जाव आहे. गावातून वर जाणारी गॉर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८ साली सुरू झाली. ती आपल्याला ३,०८९ मीटर उंचीवर नेते. त्याच्या एक स्थानक अलीकडे, रोटेनबोडेनला उतरावे. तेथून थोड्याच अंतरावर रिफेलझे हे लहानसे तळे आहे. वारा सुटण्यापूर्वी, अगदी सकाळी पोहोचल्यास ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नचे प्रतिबिंब त्यात स्थिर दिसते. प्रथम शिखराचे टोक तांबूस होते, मग ऊन हळूहळू खाली उतरते.

छायाचित्र टिपून झाल्यावर मात्र दृष्टी पायांकडे वळवावी. तळ्याकाठी कापसासारखे पांढरे गोंडे मिरवणारे गवत असते. आल्प्सच्या या उंचीवर झाडेझुडपे, कीटक व लहान प्राणी यांना वर्षाचा सारा संसार दोन-तीन महिन्यांत उरकावा लागतो. मार्मोट नावाचा गुबगुबीत प्राणी याच दिवसांत चरून अंगावर चरबी साठवतो, कारण पुढे बिळात सहा महिन्यांहून अधिक काळ झोपायचे असते. म्हणजे आपल्याकडील चातुर्मासाप्रमाणे येथेही हा जीवोत्पत्तीचा काळ. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. या पायवाटेवर श्रावकालाही तिचा अर्थ उमगतो. अधिक चांगल्या चित्रासाठी वाट सोडून गवतात शिरणारे पुष्कळ दिसतात. एका पावलाखाली काय चिरडले, हे चित्रात येत नाही.

रिफेलबर्गकडे उतरताना या व्यवसायाची दुसरी बाजूही दिसते. कृत्रिम हिम उडवणारी यंत्रे उतारांवर मूक उभी असतात. स्कीइंगसाठी यंत्रांनी सपाट केलेल्या पट्ट्यांवर गवत विरळ असते. या उंचीवर उखडलेली जमीन पुन्हा हिरवी व्हायला दशके लागतात. गॉर्नरग्राटखाली पसरलेली हिमनदीही मागे हटत आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के आकारमान वितळले. आपल्या आगमांत हिमाची गणना अप्कायात केली आहे. त्या दृष्टीने पाहता ही हानी केवळ पर्यटनाची राहत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. वर मिळणाऱ्या शाकाहारी पदार्थांत बटाटा व कांदा सर्रास असतो, म्हणून खाकरा, ठेपले जवळ ठेवावेत. ऑगस्टअखेर सूर्यास्त रात्री आठच्या सुमारास होत असल्याने चौविहार सहज पाळता येतो. उंचीवर दम लागतो. ज्येष्ठांनी उतरणीचाच मार्ग निवडावा.

मुलांच्या हाती कॅमेरा अवश्य द्यावा. मॅटरहॉर्नचे एक चित्र पुरे. उरलेली वाटेवर उभे राहून, गवताची आणि त्यातल्या जीवांची काढू द्यावीत.