कोटितीर्थाच्या काठी

मलकापूरच्या माणसाला डोंगराचे कौतुक काय सांगावे? रत्नागिरीच्या वाटेवर पुढ्यात आंबा घाट, एका अंगाला विशाळगडाचे रान, आणि मृग लागला की ढग थेट दाराशी येतात. पण सारा जन्म डोंगरात काढूनही आपण डोंगर पाहतो का? पाऊस उघडला की नाही, एवढे पाहण्यापुरतीच आपली नजर वर जाते. पाहावे कसे, हे ज्याला शिकायचे असेल त्याने कोल्हापुरात उतरल्यावर अंबाबाईचे दर्शन घ्यावे आणि वाट थोडी वाकडी करून कोटितीर्थावर जावे.

तळे काही मोठे नाही. शेजारी शाहू मिल. तीही २००३ साली बंद पडली. ह्याच काठावर आबालाल रहिमान ह्यांनी आयुष्य वेचले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा गुणी माणूस तिथेच राहता, तर पैसा आणि नाव दोन्ही मिळवता. पण तो कोल्हापुरास परतला. शाहू महाराजांनी त्याला दरबारचा चित्रकार नेमले. तरी त्याचे मन रमले ते कोटितीर्थाच्या आणि रंकाळ्याच्या पाण्यात. तेच पाणी, तीच झाडे. सकाळी पाहावीत, सांजवेळी पुन्हा पाहावीत आणि दर वेळी नवी रंगवावीत!

ह्यावरून मला अठराव्या शतकातला वेल्सचा रिचर्ड विल्सन आठवतो. आधी तो माणसांच्या तसबिरी रंगवी. १७५० साली इटलीला गेला आणि तिथल्या उजेडाने त्याला निसर्गचित्रांचे वेड लावले. परतल्यावर त्याने आपल्या मुलखातला स्नोडन पर्वत रंगवला. १७६८ साली लंडनची रॉयल अकॅडमी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. तरी उतारवयात दारिद्र्य आलेच. अकॅडमीच्या ग्रंथपालाच्या नोकरीवर दिवस काढावे लागले. १७८२ साली तो वारला, तो वेल्समध्येच. तसबिरीला गिऱ्हाईक असते, कारण प्रत्येकाला आपला चेहरा प्यारा. डोंगराला कोण पैसे मोजणार?

आबालालांच्या पाठीशी निदान एक राजा होता. १९२२ साली शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली तेही गेले. ज्या पाण्याने चित्रे दिली, त्याच पाण्याने ती परत घेतली म्हणायची!

मागे उरली त्या थोड्या चित्रांना लोक जपतात, हे चांगलेच. पण काठाशी साचलेला कचरा पाहिला की वाटते, चित्र जपायचे आणि ते जिथे जन्मले ते तळे मात्र घाण करायचे, ही कसली रसिकता? उद्या आंब्याच्या रानाचेही असेच व्हायला किती वेळ? वाचकहो, कुंचला सर्वांच्या हाती नसतो; डोळे असतात. आपल्या गावचा ओढा, आपला डोंगर रोज घटकाभर पाहणाऱ्याच्या हातून तो सहसा नासत नाही.