खंडणी कोणाला?

मराठी बायबलांत येशू ख्रिस्ताच्या मरणासंबंधीं जे शब्द आले आहेत, त्यांपैकीं एका शब्दापाशीं माझें मन नेहमीं थबकतें. आपण आलों तें चाकरी करून घेण्यासाठीं नव्हे, तर पुष्कळांसाठीं आपला प्राण खंडणी म्हणून देण्यासाठीं, अशा आशयाचें बोलणें मार्काच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडीं आहे. बखरी वाचून वाढलेल्या मराठी माणसाला खंडणी म्हणजे काय हें समजावून द्यावें लागत नाहीं. फौज वेशीपाशीं येऊन थडकते, गांवचे सावकार रक्कम जमवितात, ती पोंचती होते आणि गांव जाळपोळींतून सुटतें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडविण्याचें मोल असाच आहे. भाषांतरकारांनीं शब्द नेटका निवडला खरा; पण त्याच्या मागोमाग एक नेटका प्रश्नही येतो. ही खंडणी दिली कोणाला?

ही परधर्मीयाची कुत्सित शंका आहे असें कोणीं समजूं नये. खुद्द ख्रिस्ती आचार्यांना या प्रश्नानें शतकानुशतकें स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तिसऱ्या शतकांतील ओरिगेनचा कल असा कीं, मनुष्य पापामुळें सैतानाच्या ताब्यांत गेला होता, तेव्हां मोबदलाही सैतानालाच मिळाला. चवथ्या शतकांतील नाझिआन्झसच्या ग्रेगरीला ही कल्पना असह्य झाली. दरोडेखोराला प्रत्यक्ष देवाचें मोल द्यावयाचें? बरें, पित्याला दिलें म्हणावें, तर अब्राहामानें बळी म्हणून आणलेला इसहाक ज्यानें घेतला नाहीं, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्ताची काय गोडी? १०९८ च्या सुमारास कँटरबरीच्या आन्सेल्मनें निराळा हिशेब मांडला. पापामुळें ईश्वराच्या गौरवाचें ऋण थकलें. तें फेडण्याचें कर्तव्य माणसाचें, सामर्थ्य मात्र ईश्वराचें. म्हणून ईश्वराला मनुष्य व्हावें लागलें. पुढच्याच पिढींत आबेलार म्हणाला कीं, त्या मरणाचा परिणाम माणसाच्या हृदयांत शोधावा; एवढें प्रेम पाहून जो पालटतो तो तरतो. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिननें न्यायालयाची भाषा आणली: शिक्षा आमची होती, भोगली त्यानें.

मी हिंदु घरांत वाढलों. 'करावें तसें भरावें' हा न्याय मला मुळाक्षरांबरोबरच मिळाला. एकाचें कर्ज दुसरा फेडूं शकेल, पण एकाचें पाप दुसऱ्यानें कसें फेडावें, ही शंका त्यामुळें आपोआप मनांत उठते. परंतु आमच्याच घरांतला आचार मला निराळें सांगतो. दुखणें मुलाचें असतें आणि नवस बोलते आई. सोमवार धरते ती, अनवाणी देवाला जाते ती. पिंड देतो मुलगा आणि गति मिळते बापाला. ओठांवर कर्माचा सिद्धांत ठेवून हातांनीं आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांसाठीं भरीत आलों आहों. दुसऱ्यासाठीं भोगणें ही कल्पना म्हणून आपल्याला परकी नाहीं. परकें वाटतें तें एवढेंच कीं, येथें माणसाचा नवस देवानें फेडला.

या सिद्धांताचा अर्थ ग्रंथांपेक्षां मला एका घडलेल्या गोष्टीनें अधिक कळला. १९४१ च्या जुलैअखेर ऑश्विट्झच्या छळछावणींतून एक कैदी निसटला आणि त्याबद्दल दहा कैद्यांना उपाशी मारण्याचें ठरलें. निवडलेल्यांपैकीं फ्रान्सिशेक गायोव्ह्निचेक हा पोलिश सैनिक बायकोमुलांच्या नांवानें आक्रोश करूं लागला. तेव्हां मॅक्सिमिलियन कोल्बे नांवाचा सत्तेचाळीस वर्षांचा धर्मगुरु रांगेंतून पुढें आला आणि या माणसाच्या जागीं आपल्याला घ्यावें, असें त्यानें मागितलें. अधिकाऱ्यानें तें मान्य केलें. कोठडींत सुमारें दोन आठवडे अन्नावांचून काढल्यावरही तो जिवंत होता. १४ ऑगस्टला विषारी द्रव्य टोचून त्याला मारण्यांत आलें.

ज्याचा जीव वांचला त्याची पुढील हकीकत अधिक अस्वस्थ करणारी आहे. तो युद्धानंतर घरीं परतला, पत्नी भेटली. पण ज्यांच्या नांवानें तो रडला होता ते दोघे मुलगे १९४५ मध्यें बाँबवर्षावांत मरण पावले होते. हिशेबानें पाहिलें तर खंडणी वायां गेली. तरीही तो १९९५ पर्यंत जगला आणि कोल्बेचें नांव लोकांना सांगत राहिला. १९८२ सालीं रोमला कोल्बेला संतपद दिलें गेलें, तेव्हां तो त्या समारंभाला हजर होता. त्या त्रेपन्न वर्षांचा मी पुष्कळदां विचार करतों. मरणारा एकदांच मरतो; ज्याच्यासाठीं तो मेला, त्याला रोज सकाळीं उठून तें मिळालेलें आयुष्य जगावें लागतें. येथें आबेलार मला पटतो, पण पुरत नाहीं. गायोव्ह्निचेक दुसऱ्याच्या प्रेमानें नुसता हेलावला नव्हता. त्याच्या जागीं खरोखरच कोणी तरी मेलें होतें. आन्सेल्मच्या रुक्ष जमाखर्चांत जो सत्यांश आहे, तो हाच असावा.

मात्र या शिकवणुकींत एक भय आहे. दुःखाला पावन म्हणण्याची संवय लागली कीं, तें दुसऱ्याच्या गळ्यांत घालणें सोपें होतें. सासरीं गांजलेल्या सुनेला, पिढीजात वेठ करणाऱ्याला, तुझें सोसणें देवाला प्रिय आहे असें सांगणारे उपदेशक सर्वच धर्मांत निघाले. ख्रिस्ती धर्मांत ते वधस्तंभाचा आधार घेऊन निघाले. गेथशेमानेच्या बागेंतील येशू त्यांच्या ध्यानीं राहिला नसावा. धरपकडीच्या रात्रीं, टळत असेल तर हें टळो, अशीच विनवणी त्यानें केली. आणि मरतांना देवानें आपल्याला टाकल्याची त्याची आरोळी मत्तय आणि मार्क या दोघांनींही झांकून ठेवली नाहीं. दुःख त्याला प्रिय नव्हतें, माणसें प्रिय होतीं. कोल्बेनेंही उपासमारीची हौस धरली नाहीं. त्यानें फक्त दुसऱ्याची जागा मागितली. ती मागण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. दुसऱ्याला त्या जागेकडे ढकलणारा उपदेशक छावणीच्या अधिकाऱ्याशेजारीं जाऊन उभा राहतो.

खंडणी कोणाला, या प्रश्नाचें उत्तर ग्रेगरीनें अखेर असें दिलें कीं, पित्यानें तें अर्पण स्वीकारलें, परंतु त्यानें तें मागितलें नव्हतें आणि त्याला त्याची गरजही नव्हती. पुढचें बोलणें मौनावर सोपवून त्यानें विषय आटोपता घेतला. माझी श्रद्धा त्याच्याइतकी दूर जात नाहीं. पण उत्तम शुक्रवारीं आपले ख्रिस्ती शेजारी उपास करून प्रार्थनेला निघालेले दिसतात, तेव्हां घेणारा कोण होता हा प्रश्न मला पूर्वीइतका महत्त्वाचा वाटत नाहीं. सुटलेल्यानें पुढें कसें जगावें, हा वाटतो. आणि त्याला ख्रिस्ती असण्याची अट नाहीं.