केशरी रंगावरचा भरवसा

टीबीच्या रुग्णांच्या घरभेटी करू लागले तेव्हा लघवीच्या रंगावर मी फार विसंबले. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध पोटात गेलं की काही तासांत लघवी केशरी-लाल होते; ना प्रयोगशाळा लागते, ना खर्च. रंग दिसला की कार्डावर खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं.

एका रिक्षावाल्या दादांच्या लघवीच्या बाटलीत दर वेळी गडद केशरी रंग असायचा. मी आदल्या दिवशी फोन करून जात असे. दोन महिन्यांनी थुंकी तपासली तर जंतू होतेच. मग ते बोलले, "ताई, तुम्ही येणार त्या दिवशी गोळ्या घ्यायचो. रोज उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं, रिक्षा कशी चालवू?" रंग फक्त शेवटच्या डोसबद्दल बोलत होता. मी त्यात अख्खा महिना वाचला आणि मळमळीबद्दल एकदाही विचारलं नाही.

दुसरी चूक मला जास्त सलते. एका बाईंची संध्याकाळची लघवी साधी पिवळी निघाली. "गोळ्या चुकवता ना?" असं मी त्यांच्या सासूबाईंदेखत दरडावलं. त्यांनी गोळ्या पहाटेच घेतल्या होत्या. रिफॅम्पिसिनचा रंग संध्याकाळपर्यंत ओसरू शकतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आजारामुळे सासरी आधीच बोलणी खाणाऱ्या बाईवर मी खोटेपणाचाही शिक्का मारला.

मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या टीबीवरच्या संशोधनात घरी आणि सॅनेटोरियममध्ये घेतलेल्या उपचारांची तुलना झाली. तिथे कर्मचारी न कळवता घरी जात, लघवी तपासत, उरलेल्या गोळ्याही मोजत. एकट्या लघवीवर त्यांनी भिस्त ठेवली नव्हती. आयसोनायझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाचे अवशेष रासायनिक चाचणीत रिफॅम्पिसिनच्या रंगापेक्षा जास्त वेळ सापडतात, पण तीही आठवड्याचा हिशेब देत नाही. अचानक जाण्यालाही माझ्या मते मर्यादा आहे: चाळीत दारात बाटली मागितली की शेजाऱ्यांना आजार कळतो.

दादांचा नमुना औषधरोधाच्या तपासणीला गेला. डॉक्टरांनी मळमळीवर औषध दिलं, गोळ्यांची वेळ बदलली. त्या बाईंच्या घरी जाऊन सासूबाईंसमोरच सांगितलं की चूक माझी होती, सूनबाई गोळ्या नीट घेतात. कार्डावर आता रंगाआधी दोन गोष्टी लिहिते: गोळी किती वाजता घेतली, आणि ती घेतल्यावर काय त्रास होतो.