पांढरीची माती

उत्खननातली चुलीची राख मी पाण्यात सोडते. माती तळाशी बसते, जळके दाणे तरंगून वर येतात. ते बारीक चाळणीवर धरायचे, सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडायचे. दिवसभर बसलं तर चिमूटभर हाती लागतं. कच्चा दाणा कुजून जातो, कोळसा झालेलाच टिकतो. कुणा बाईच्या हातून चुलीत सांडलेलं धान्य असं तीन हजार वर्षांनी माझ्यापर्यंत पोचतं. राजांची नावं मला कधीच सापडत नाहीत. कोण काय खात होतं, ते सापडतं.

या कामाकडे मला ओढलं ते इनामगावने. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० या काळातल्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं आहेत, पाण्यासाठी खोदलेला पाट आणि बांध आहे, सातू आहे. वरच्या थरांत घरं लहान, गोल होत जातात. शिकारीवरची भिस्त वाढते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं.

पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचं कारण अवर्षणात शोधलं. पुढे घरांच्या जमिनीखाली, रांजणांत पुरलेल्या बाळांची हाडं पुन्हा तपासली गेली. उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली, आणि काही अभ्यासक दोष पावसापेक्षा जमिनीच्या वापराला देऊ लागले. हा वाद मिटलेला नाही. मला मात्र त्या गोल झोपड्यांचं मोल अधिक वाटतं. दिवस फिरले तरी ही माणसं तीनशे वर्षं तिथेच राहिली. घर बदललं, ताटातलं अन्न बदललं, नदी सोडली नाही. दुष्काळाने गाव उठलं असं एका ओळीत लिहिलं, की त्यांचं हे सगळं धडपडणं पुसलं जातं. आज त्याच तालुक्यात धरणाच्या पाण्यावर ऊस उभा आहे. तिथून जाताना मला तो जुना पाट आठवतो.

आपल्याकडे शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. इनामगावसारख्या जुन्या पांढरीची राखट माती खत म्हणून शेतात टाकायची रीत आहे. पूर्वी बैलगाडीभर जायची, आता यंत्राने दोन दिवसांत अख्खं टेकाड सपाट होतं. माझ्या डोळ्यांदेखत असं एक गेलं; मी पोचले तेव्हा खापरं तेवढी बांधावर फेकलेली होती. तुमच्या गावात पांढरीचं टेकाड असेल, तर ट्रॉली भरण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवा.