दोन चुलींचं घर

२०२२ साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. कॉलेजांच्या प्रवेशाचं सॉफ्टवेअर चालवणं हे आमचं काम. जुना सर्व्हर कमी पडायला लागला, तसं सर मला म्हणाले, "कुठला घ्यायचा ते तूच सांग." एवढ्या मोठ्या खर्चाचा निर्णय पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर सोडला होता.

दोन पर्याय होते. एकात १६ कोरचा एकच एएमडी एपिक प्रोसेसर, दुसऱ्यात आठ-आठ कोरचे दोन इंटेल झिऑन. एकूण कोर तेवढेच, मेमरीही तेवढीच, १२८ जीबी. भाड्यातही फार फरक नव्हता. मी दोनवाला घेतला. "एक गेला तर दुसरा आहे ना," असं कारणही दिलं.

सरांनी मान डोलावली. त्यांच्या उमेदीच्या काळात सर्व्हर म्हणजे दोन प्रोसेसर असंच होतं. २००५ च्या आधी इंटेल-एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये एकच कोर असायचा. जास्त कोर हवे तर जास्त प्रोसेसर लावा, दुसरा मार्गच नव्हता.

पहिली गुणवत्ता यादी सकाळी दहाला लागायची होती. सव्वादहाला साइट रांगायला लागली, साडेदहाला जवळजवळ थांबलीच. ऑफिसचे फोन वाजायला लागले. एक मी उचलला. परभणीजवळून एका मुलीचे वडील बोलत होते. "साहेब, लेकीचं नाव आलंय का तेवढं बघून सांगा. आलं असंल तर फी भरायला बाराची गाडी धरायचीय."

मी थेट डेटाबेसमध्ये शोधायला गेलो. उत्तर येईना. "थोड्या वेळात फोन करतो काका," म्हणालो आणि नंबर हातावर लिहून घेतला.

गंमत म्हणजे कोर निवांत होते आणि ३० जीबी मेमरी मोकळी होती. तरीही मशीन जागा नसल्यासारखं मेमरीतला डेटा डिस्कवर हलवत होतं. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी हळू, म्हणून सगळं अडलं होतं. पण जागा असताना हे कशासाठी?

तासभर डोकं फोडल्यावर एका कमांडने छोटासा तक्ता दाखवला. त्यात दोनच आकडे होते, १० आणि २१. प्रोसेसरची स्वतःची मेमरी १० वर, शेजारच्याची २१ वर. वेळेचं हे अचूक मोजमाप नव्हे, पण अर्थ उघड होता. माझी १२८ जीबी एका जागी नव्हतीच. ६४ एका प्रोसेसरच्या दारात, ६४ दुसऱ्याच्या. डेटाबेसने पहिली बाजू काठोकाठ भरली होती. पहिल्या बाजूला आणखी जागा लागली की शेजारी मोकळी जागा असूनही मशीन इथलंच सामान उचलून डिस्कवर टाकत होतं.

मला आमचं गावचं घर आठवलं. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा वाड्याच्या मधोमध भिंत आली आणि एकाच्या दोन चुली झाल्या. भांडण नव्हतं. विरजण संपलं की आई मला काकूकडे पाठवायची. काकू कधी नाही म्हणाली नाही. पण पूर्वी हात लांबवला की मिळणाऱ्या वस्तूसाठी आता ओसरीवरून वळसा घालावा लागायचा. माणसं तेवढीच होती, भांडी तेवढीच होती, स्वयंपाकाला मात्र उशीर व्हायचा.

उपाय एका ओळीचा होता. डेटाबेसला सांगायचं, दोन्ही बाजूंची मेमरी सारखी वाटून वापर. पण त्यासाठी डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करावा लागणार होता, ऐन यादीच्या दिवशी. सरांना विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कर."

सव्वाबाराला साइट चालायला लागली. मी परभणीला फोन लावला. "काका, नाव आलंय." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "गाडी तर गेली. असू द्या, तीनची हाये."

संध्याकाळी सरांसमोर मी आणखी एक चूक कबूल केली. "एक गेला तर दुसरा आहे" हे खरं नव्हतं. दोनांतला एक प्रोसेसर चालता चालता बिघडला, तर बहुतेक वेळा अख्खं मशीनच बंद पडतं. आधार हवा असेल तर दुसरा सर्व्हरच घ्यावा लागतो.

दोन प्रोसेसर वाईट नसतात. एका प्रोसेसरला पेलणार नाही इतकी मेमरी हवी असेल, किंवा आपापल्या बाजूला मावतील अशी बरीच वेगवेगळी कामं असतील, तर ते हवेतच. आमचं काम एकच होतं, एक मोठा डेटाबेस. त्याला एकच चूल पुरली असती. एका प्रोसेसरमध्येही आत भिंती असू शकतात म्हणा. २०१७ च्या पहिल्या एपिकमध्ये चार तुकडे होते आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. २०१९ च्या पिढीने ती सगळी एका मधल्या तुकड्यातून जोडली.

आता कुणी सर्व्हरबद्दल विचारलं की मी कोर किती हे नंतर विचारतो. आधी विचारतो, सामान कुठे ठेवणार आणि ते कुणाला लागणार? त्या दिवशी हे विचारलं असतं, तर त्या काकांना बाराची गाडी मिळाली असती.