एक अक्षर, दोन घरं

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी फॉन्टशी भांडणं केली, चौकोनी डबे बघितले, तुटलेली रफारं बघितली. पण अक्षर मोजताना यंत्र चुकतं आणि ती चूक प्रोग्रॅममध्ये नसतेच, हे मला कळलं ते हेदवीला, २०१९ च्या मे महिन्यात. तांत्रिक मजकूर नकोसा वाटणाऱ्या नातेवाईक वाचकांनी घाबरू नये. गोष्ट काकांच्या पेटीची आहे.

आमच्या हेदवीच्या घरी माळ्यावर एक लाकडी पेटी होती. तिच्यात रुमालात बांधलेले मोडीतले कागद. वाटणीपत्रं, गहाणखतं, पावत्या, पाटाच्या पाण्याच्या वारांबद्दल दोन भावांनी एकमेकांना लिहून दिलेला करार. दोनशेच्या वर कागद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, पण ती सहज वाचणारे आमच्या घरात काका एकटेच उरले होते. वय ब्याऐंशी, डाव्या डोळ्याने दिसणं जवळजवळ बंद. पाण्याच्या वारांवरून भाऊबंदांत धुसफूस चालूच असे आणि प्रत्येक वेळी काकांना पेटी उघडायला लागे. त्यांच्यानंतर त्या पेटीला कोण विचारणार, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हतं इतकंच.

म्हणून यादी करायची ठरली. काका वाचणार, मी टंकणार. शक, गाव, लिहून देणार, लिहून घेणार, मजकुराचा सारांश. मी देवनागरीत टंकायचो आणि माझा एक छोटा पायथन प्रोग्रॅम नावं अक्षराला अक्षर लावून मोडीत करायचा. ही काकांची अट होती. "रुमालावरची चिठ्ठी मोडीतच हवी. कागद आणि चिठ्ठी शेजारी धरली की न येणाऱ्यालाही अक्षर जुळवता यायला हवं," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. लिहून देणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराचा एक रुमाल करायचा, अशी सोपी योजना.

पुण्यात माझ्या मशीनवर दहा-बारा नावांवर करून बघितलं होतं. उत्तम चाललं. हेदवीला मात्र मित्राने दिलेला जुना लॅपटॉप होता, लिनक्सवाला. पहिले साठ कागद भरून झाल्यावर यादी काढली, तर सगळेच्या सगळे कागद एकाच रुमालात! रुमालाचं नाव, एक चौकोनी डबा. गणेश, बाळकृष्ण, विसाजी, सगळे एकाच डब्यात. गंमत म्हणजे शेजारच्या देवनागरी रकान्यातलं पहिलं अक्षर अगदी बरोबर. प्रोग्रॅम तोच, फाईल तीच, पुण्यात बरोबर आणि हेदवीत चूक.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगतो.

युनिकोड १९९१ मध्ये आलं तेव्हा कल्पना अशी होती की जगातली सगळी अक्षरं ६५,५३६ घरांत मावतील. देवनागरीला पहिल्या आवृत्तीतच या मूळ वस्तीत जागा मिळाली. पुढे घरं पुरेनात, म्हणून १९९६ मध्ये वस्ती अकरा लाखांच्या वर घरांपर्यंत वाढवली. मोडी आली फार उशिरा. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ च्या जून महिन्यात, युनिकोड ७.० मध्ये. तिला जागा मिळाली ती अर्थातच नव्या वस्तीत.

आता पायथन. ही भाषा तुम्ही तयार घेऊ शकता, नाहीतर तिचा सोर्स आणून आपल्या यंत्रावर स्वतः बांधू शकता, म्हणजे कंपाईल करू शकता. बांधण्याआधी 'कॉन्फिगर' नावाची एक स्क्रिप्ट चालवतात. ती यंत्राची चौकशी करते. हे आहे का, ते आहे का, असं विचारत ओळीमागून ओळ 'येस' किंवा 'नो' लिहीत जाते. त्या वेळीच आपण आपले पर्याय सांगायचे असतात. पायथन २.२ पासून, म्हणजे २००१ पासून, त्यात एक पर्याय होता 'एनेबल-युनिकोड'. त्याला यूसीएस-२ म्हटलं तर प्रत्येक अक्षराला दोन बाइट, यूसीएस-४ म्हटलं तर चार. काहीच सांगितलं नाही तर पायथन २ मध्ये दोन. मेमरी वाचावी म्हणून.

दोन बाइटच्या पायथनमध्ये नव्या वस्तीतलं अक्षर एका घरात मावत नाही. मग त्याचे दोन तुकडे करून दोन घरांत ठेवतात. मोडीच्या एका अक्षराची लांबी विचारली की उत्तर येतं दोन. पहिलं अक्षर द्या म्हटलं की मिळतो पहिला अर्धा तुकडा. आणि खरी मेख पुढे आहे. मोडीची सगळी अक्षरं युनिकोडात एकाच पट्ट्यात आहेत, त्यामुळे सगळ्यांचा पहिला तुकडा एकच! ग असो, ब असो नाहीतर व, पुढचा अर्धा सारखाच. म्हणून साठही कागद एका रुमालात गेले. प्रोग्रॅमने तक्रारही केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं.

पुण्यातल्या मशीनवरचा पायथन लिनक्स वितरणाबरोबर आलेला होता आणि मोठी वितरणं चार बाइटवालाच देत. या लॅपटॉपवरचा मूळ पायथन मात्र २.६ होता, त्यात माझा प्रोग्रॅम चालत नव्हता. म्हणून मित्राने कधीतरी २.७ स्वतः बांधून ठेवलेला. पायथनला त्याची सर्वांत मोठी अक्षरसंख्या विचारली, तर उत्तर ६५५३५. चार बाइटवाला ११,१४,१११ सांगतो. निदान झालं.

नशिबाने सोर्सचा फोल्डर लॅपटॉपवर तसाच पडून होता, नाहीतर आमच्या घरच्या नेटवर तो उतरवायला संध्याकाळ गेली असती. फोल्डरमध्ये 'कॉन्फिग.लॉग' नावाची फाईल असते, तिच्या सुरुवातीलाच कॉन्फिगर कोणत्या पर्यायांनी चालवलं होतं ते लिहिलेलं असतं. तिथे फक्त कुठे बसवायचं तेवढं सांगितलेलं. बाकी सगळं जे आपोआप ठरतं ते. (स्वतः काही बांधणाऱ्यांनी ही फाईल जपून ठेवावी. वर्षांनंतर तीच साक्षीदार.)

जुनी बांधणी साफ केली, यूसीएस-४ सांगितलं, नवा पायथन माझ्या होम फोल्डरमध्ये वेगळा बसवायचं सांगितलं, म्हणजे जुन्याला धक्का नको. कॉन्फिगरच्या ओळी सरकू लागल्या. काका शेजारी झोपाळ्यावर. म्हणाले, "हा एवढं काय विचारतोय?"

"काका, बांधायच्या आधी घरात काय काय आहे ते बघतोय."

"मग बरोबर आहे. चौथरा घालतानाच विचारायचं असतं. चिरे चढल्यावर पडवी किती रुंद हवी विचारून काय उपयोग?"

मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं. हे पर्याय प्रोग्रॅम चालवताना बदलत नाहीत, बांधतानाच ठरतात. काय नाही हेही तेव्हाच ठरतं. झेडलिबच्या किंवा एसएसएलच्या हेडर फाईली सापडल्या नाहीत तर पायथनची बांधणी थांबत नाही. ती सगळं बांधते आणि शेवटी चार ओळींत सांगते की अमुक मोड्यूल झाली नाहीत. तोवर आपण चहाला उठलेलो असतो.

मधे लाईट गेली. बॅटरी अर्ध्या तासाची. बांधणी संपली तेव्हा नऊ टक्के उरली होती. जुन्या पायथनसाठी बांधलेलं चित्रांचं मोड्यूल नव्याने उचललंच नाही, कारण दोन बाइट आणि चार बाइटवाल्यांची आतली नावंच वेगळी. छायाचित्रांचं काम पुण्यावर ढकललं. पण यादी आली. ग चा रुमाल वेगळा, ब चा वेगळा. काकांनी कागद उजव्या डोळ्याजवळ धरून एकेक चिठ्ठी तपासली.

आणि लगेच एक चूक काढली. "ज्ञानदेव ज मध्ये कसा? ज्ञ शेवटी येतो." खरंच की! आपण शाळेत ज्ञ एक अक्षर म्हणून शिकतो, यंत्राला मात्र तो ज, हलन्त आणि ञ असा दिसतो. अभंगाची अक्षरं मोजताना आपण जोडाक्षर एकच धरतो. यंत्राच्या हिशेबात ती तीन घरं. यावर बांधणीचा कोणताही पर्याय नाही. क्ष आणि ज्ञ साठी नियमाच्या दोन ओळी हाताने लिहिल्या. काकांचं समाधान झालं.

आता हा पर्यायच उरलेला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ ने दोन की चार हा प्रश्न निकालात काढला. प्रत्येक मजकुराला लागेल तेवढीच जागा, एक, दोन किंवा चार बाइट. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पण जावास्क्रिप्टला आजही मोडीच्या एका अक्षराची लांबी विचारून बघा, दोन सांगेल. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' न निवडता जुना तीन बाइटचा 'यूटीएफ८' घेतला, तर मोडी साठवताच येत नाही.

मला विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. दोन बाइट ठरवणाऱ्याने मोडीविरुद्ध काही केलं नव्हतं. त्याला मेमरी वाचवायची होती आणि २००१ मध्ये मोडी युनिकोडात नव्हतीच. देवनागरी लिहिणाऱ्या आपल्यालाही कधी काही जाणवलं नाही, कारण आपण जुन्या वस्तीत राहतो. गैरसोय फक्त उशिरा आलेल्याची. आणि ती कळायला कोणीतरी शेवटचा वाचणारा शेजारी बसलेला असावा लागतो. ज्ञ ची चूक मला दिसली नसती. साठ कागद एका डब्यात गेले म्हणून मी जागा झालो. दोन-तीनच चुकीच्या रुमालात गेले असते तर?

काका २०२२ मध्ये गेले. यादी पूर्ण झाली होती, पाण्याच्या करारासकट. प्रोग्रॅम मी नंतर पायथन ३ मध्ये आणला, फाईलला हातही लावावा लागला नाही. रुमाल आता चुलतभावाच्या कपाटात आहेत, चिठ्ठ्यांसकट. मागच्या वर्षी पाण्याच्या वारांचा विषय निघाला तेव्हा पुतणीने चिठ्ठीवरचं अक्षर जुळवून योग्य रुमाल काढला. तिला मोडी येत नाही. अजून.

असो. घरात जुना लॅपटॉप आणि जुने कागद दोन्ही असतील, तर आधी कागद वाचून घ्या. लॅपटॉप पुन्हा बांधता येतो.