जुनें रूप आणि नवें रूप

कागदाच्या वहींत एक गुण असा होता कीं, तिचें पान आपण होऊन कधीं बदलत नसे. जमा डावीकडे, नांवें उजवीकडे. बापानें लिहिलेली वही मुलास उघडतांक्षणींच वाचतां येई. संगणकावरील हिशेबाचें तसें नाहीं. तेथील दर्शनी रूप एका रात्रींत पालटतें, आणि पंचवीस वर्षें काम केलेला मनुष्य सकाळीं उमेदवार ठरतो.

आमच्या परिचयाचे एक वयस्क हिशेबनीस आहेत. बेरजेंतली चूक आंकडा पाहतांच त्यांच्या ध्यानांत येते. परंतु नव्या पडद्यावर नोंद कायम करण्याची कळ कोठें गेली, हें मुलाच्या वयाच्या सहकाऱ्यास विचारण्याचा त्यांस संकोच वाटे. त्यांच्या कचेरींत जुन्या रूपाकडे परतण्याची सोय होती. दिवसां चारचौघांदेखत नवें, आणि सायंकाळीं मंडळी गेल्यावर जुनें, असा त्यांचा क्रम कित्येक महिने चालला. यास कोणी हट्ट म्हणेल. आम्हांस तो अब्रूचा प्रश्न वाटला.

२००७ च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसनें वर्ड व एक्सेल यांतील जुने मेनू काढून 'रिबन' आणली, तेव्हां परतीची कळ ठेवली नव्हती. तथापि एक्सेलमध्यें ऑल्ट, ई, एस ह्या कळा ओळीनें दाबल्या असतां 'पेस्ट स्पेशल'ची चौकट अद्यापि उघडते. मेनू गेला, पण बोटांची वाट राहिली. २०२० सालच्या टॅली प्राइमनें पडदा बदलला, तरी एफ ५ वर पेमेंट आणि एफ ६ वर रिसीट हा क्रम मोडला नाहीं. सेल्सफोर्सनें २०१५ सालीं 'लाइटनिंग' आणतांना जुनें 'क्लासिक' चालू ठेवून दोहोंत ये-जा करण्याची मुभा दिली. पुढें बहुतेक नव्या सोयी मात्र 'लाइटनिंग'मध्येंच आल्या. सबब जो 'क्लासिक'मध्यें रमला, तो हळूहळू मागें पडला.

परतीची वाट अनुभवी माणसास शिकण्यापुरता अवधि देते. ती निष्कारण उघडी राहिली, तर त्याच माणसाचें नुकसान करते. म्हणून ती बंद करण्याची तारीख आधीं सांगावी, मधल्या काळांत कोणी शेजारीं बसून शिकवावें, आणि बोटांच्या जुन्या खुणा होतां होईतों मोडूं नयेत. नव्या व्यवस्थेचा खर्च मांडणारे पुष्कळ भेटतात. जाणत्या माणसाच्या संकोचानें होणारें नुकसान मात्र कोणत्याच वहींत चढत नाहीं.